उन्हातलं 'चिरंतन'

कुंचला खोटं बोलत नाही. मनात असतं तेच अक्षरात उतरतं, असं आमच्या शाओशिंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मानतात. म्हणूनच आम्ही एकमेकांच्या अक्षरांवर पाळत ठेवून असतो.

कालव्याकाठच्या बागेत आम्ही निवृत्त मंडळी रोज सकाळी लांब दांड्याचे कुंचले पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतो. मन शांत होतं म्हणतात. जागा अर्थातच सावलीतली. तिथं ओलं अक्षर चार जणांनी वाहवा करेपर्यंत टिकतं. वसाहतीत नव्यानं आलेले श्वे नावाचे गृहस्थ मात्र भर उन्हात लिहायचे. तेही एकच अक्षर, 'चिरंतन'; आमच्या चिनी लिपीत एका अक्षराचाच अख्खा शब्द होतो. शेवटचा फटकारा मारेपर्यंत पहिला वाळलेला.

"हा माणूस काहीतरी लपवतोय," फान मास्तर म्हणाले. नववर्षाला वसाहतीच्या फाटकावर दोन्ही बाजूंना लावायच्या शुभवचनांच्या लाल पट्ट्या दरवर्षी मास्तर लिहितात. त्या मानावर त्यांचं उरलेलं वर्ष निघतं. "त्या एका अक्षरात सगळे फटकारे येतात म्हणून 'चिरंतन' शिकाऊ पोरं गिरवतात. साठीचा बाप्या तेवढंच लिहितो? पट्ट्यांवर डोळा आहे त्याचा!"

"मग लिहिलेलं लगेच वाळून कशाला जाऊ देतो?" मी विचारलं.

"आपण चुका पकडू नयेत म्हणून!"

मास्तरांनी बागेत एकेकाला गाठून विचारलं: उन्हातच का? 'चिरंतन'च का? तोवर श्वेंकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता घोळका जमू लागला. वसाहत समितीच्या चूबाई तर गहिवरल्या. "'चिरंतन' लिहायचं आणि डोळ्यांदेखत उडून जाऊ द्यायचं! केवढी विरक्ती! मास्तर, तुमच्यामुळे कळलं हो." यंदाच्या पट्ट्या त्यांनी श्वेंना दिल्या.

मास्तर तडक उन्हात गेले. "मिळाल्या ना पट्ट्या? आता तरी खरं सांगा."

श्वे रडकुंडीला आले होते. "तुम्हीच लिहा हो मास्तर. मला दुसरं अक्षरच येत नाही. आत्ता कुठे शिकायला लागलोय."

"मग उन्हात कशाला?"

"सावलीत गुडघे धरतात."

मास्तरांनी धावत जाऊन हे चूबाईंना सांगितलं. बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, पट्ट्यांसाठी या थराला जाल असं वाटलं नव्हतं."

यंदा फाटकाच्या दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, 'चिरंतन'च लिहिलं आहे.