गिरीजची लिली, वटारची लिली

मम्मी गेल्यापासून शर्लीला रडू आलं नव्हतं. मातीच्या वेळी नाही, महिन्यानंतर चर्चमधल्या मिस्सेलाही नाही. लोक म्हणाले, पोरगी घट्ट मनाची. घट्ट कसली, नुसती बधिर झाली होती. दात काढण्याआधी गाल होतो तशी. सकाळी गिरीजहून निघायची, प्रयोगशाळेत दिवस घालवायची, परत येऊन पुढ्यात येईल ते जेवायची.

तिचं काम लिलींचं. किनाऱ्यालगत कांद्यातून उगवणाऱ्या पांढऱ्या लिलींची पानं गोळा करायची, त्यांचा डीएनए वाचायचा आणि कोण कोणाचं सख्खं, कोण चुलत, याची वंशावळ मांडायची. नुसत्या दिसण्यावरून नाती ठरवून आधीच्या शहाण्यांनी बराच घोळ घालून ठेवला होता. गेल्या वर्षी तिने घरच्या विहिरीजवळच्या लिलीचं पानही घेतलं. "भुईगावच्या वाळूतनं आणलीय मी," मम्मीने तेव्हा ठणकावून सांगितलं होतं. वटारला रोझलिनमावशीच्या दारातही तशीच लिली होती. तिचं पान गॉडफ्रेकडून, म्हणजे मावसभावाकडून, गुपचूप मागवलं. गुपचूप, कारण या सख्ख्या बहिणींचा दहा-अकरा वर्षं अबोला होता. आजीच्या शेवटच्या आजारात कुणी किती केलं, यावरून बिनसलं ते बिनसलंच. मम्मीच्या मातीला मावशी आली, मागे उभी राहिली आणि कोणाशी न बोलता निघून गेली.

ऑक्टोबरात निकाल आला. गिरीज आणि वटार, दोन्ही नमुने हुबेहूब. बियांपासून वाढलेली झाडं अशी नसतात. हे एकाच कांद्याचे फुटवे होते.

"नमुन्यांची सरमिसळ झाली असेल," प्रयोगशाळेतले सर म्हणाले. शर्लीने ताजी पानं आणून पुन्हा तपासलं. तेच.

"मग एक ठेव, दुसरा काढून टाक. एकच झाड दोनदा कशाला मोजायचं?"

तिने काढला नाही. भांडणाआधी गिरीजच्या वाडीत ही लिली नव्हती, हे तिला पक्कं आठवत होतं. अबोला चालू असतानाच कांदा इकडून तिकडे गेला होता. मग दोघी भेटल्या होत्या का? मम्मी समेट करून गेली का? एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. बाकी कशाचंच काही वाटत नव्हतं.

रविवारी ती वटारला गेली. मावशी केळीची सुकी पानं कापत होती. शर्लीने सगळं सांगितलं आणि विचारलं, "मम्मी आली होती ना तुझ्याकडे?"

"तुझी आई? माझ्या दारात?" मावशी फणकारली. "मेली तरी आली नसती." आणि हातातली पानं बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "आमच्या आईच्या कबरीवर लावलेली ही, मीच. नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी दोघी साफसफाईला जायचो, वेगवेगळ्या दिवशी. एका वर्षी बघते तर कडेचा कांदा गायब. कोणी नेला ते कळलंच. लहानपणापासून न विचारता घ्यायची खोड तिची."

"मग?"

"मग काय! दरवर्षी कडेची माती भुसभुशीत करून ठेवायला लागले. तिचं मनगट दुखायचं."

"पण बोलला नाहीत कधीच?"

"नाही. आणि मागितला असता ना, तर दिलाही नसता मी."

उत्तर मिळालं की आत काहीतरी हलेल, असं शर्लीला वाटलं होतं. हललं नाही. तिने नुसतं विचारलं, "सर म्हणतात, दोघींपैकी एकच ठेव. कोणाची ठेवू?"

"तिची ठेव," मावशी लगेच म्हणाली.

मग खुरपं घेऊन तिने दारातला एक कांदा उपटला, माती झटकली. हातात नाही दिला. पायरीवर ठेवला आणि पाठ फिरवून पुन्हा केळीत शिरली. शर्लीनेही काही न विचारता तो उचलला.

परतताना ती दफनभूमीत थांबली. कांदा लावायला खुरपं मागून आणायला हवं होतं, हे मम्मीच्या कबरीपाशी पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं. पण त्याची गरज नव्हती. पावसाने कबर दगडासारखी घट्ट बसली होती, फक्त कडेची ओंजळभर माती कोणीतरी नुकतीच भुसभुशीत करून ठेवली होती.

शर्ली कांदा हातात घेऊन तिथेच बसली आणि हुंदके देऊन रडली.