घाटावर लिहिलेलं नाव

त्या दिवशी सान इग्नासिओच्या, जुन्या पाद्र्यांच्या पडक्या मिशनच्या दारात मी विकायला टोपल्या मांडल्याच नाहीत. लेक तापाने फणफणली होती. तिला अजून नाव नव्हतं. आमच्यात मूल पाऊल टाकू लागलं की पुजारी आजोबा देवाला विचारून नाव सांगतात; तोवर जीव अंगात पुरता बसत नाही. आजोबा पाराना नदीपलीकडे, पॅराग्वेत राहायचे. दवाखान्याच्या औषधाने उतार पडेना, तेव्हा नणंद केरेचू म्हणाली, "वहिनी, आता हिला नावच हवं. ऊठ."

घाटावर सीमेच्या निळ्या-पांढऱ्या खांबापाशी कारकून बसला होता.

"बाळाचं नाव?"

"तेच आणायला चाललोय, साहेब."

"बिननावाचं माणूस पलीकडे सोडू कसं? मारिया लिहितो. चालेल ना?"

"त्या पडक्या भिंतींतल्या पाद्र्यांनीही आमच्या लोकांना अशीच नावं वाटली होती," केरेचू फणकारली. "वहिनी, नको. परकं नाव ऐकून जीव भलतीकडेच जाईल."

बोट सुटायला आली होती.

"लिहा," मी म्हटलं.

नदीच्या मध्यावर लेकीचं अंग निवलं. मी हसून म्हटलं, "केरेचू, बघ, ताप उतरला." तिने बाळाच्या गालाला हात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

पलीकडच्या कारकुनाने कागद वाचून विचारलं, "मारिया हीच का?"

मी शाल तिच्या गार तोंडावर ओढली.

"झोपलीय," म्हटलं.

आजोबांच्या घरापर्यंत अजून दोन कोस चालायचं होतं. तिचं खरं नाव मला ऐकायचंच होतं.