दुकान चालू आहे

"पत्राची पहिली ओळ पुन्हा एकदा वाच बघू," मी म्हणालो.

ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिली. "पुन्हा वाचावी लागली म्हणजे मेली ती ओळ," म्हणाली. "तुम्ही इथे मटार सोलत निवांत बसलाय. ती बाई पोराला शाळेत सोडून, बसमध्ये उभ्याने फोनवर वाचणार. ती कशाला पुन्हा वाचेल?" आणि तिने ती ओळ पुसून टाकली.

मला ती ओळ आवडली होती. पण मला विचारतो कोण. जन्मभर कारखान्याच्या गोदामात नटबोल्ट सांभाळलेला माणूस मी. निवृत्तीनंतर माझं काम एवढंच, हिच्या पत्रांचा पहिला वाचक व्हायचं आणि वर बोलणी खायची.

हिचा धंदा लोकांचं नाव पेपरात आणण्याचा. जाहिरात नव्हे हो, जाहिरात काय, कुणीही देतं. अमुक माणसावर लिहिण्यासारखं आहे हे ही पत्रकाराच्या गळी उतरवणार, मग पत्रकार आपल्या मनाने लिहिणार. मोठ्या कंपनीत होती तेव्हा काचेच्या दारामागे बसायची आणि दोन दोन फोन एकदम घ्यायची. मग कंपनीला तरुण माणसं हवीशी झाली आणि एक गोड भाषण करून त्यांनी हिला घरी धाडलं. तेव्हापासून आमचं जेवणाचं टेबल हेच हिचं ऑफिस. सोबत आलेले क्लायंट एकेक करून गळाले. उरला तो शेडवाला.

शेडवाला म्हणजे घरातल्या दिव्यांना कापडी शेड शिवणारा. तारेचा सांगाडा वाकवायचा, त्यावर कापड ताणायचं आणि हाताने टाके घालायचे, असे की दिवा लावल्यावर टाक्याची सावली दिसता कामा नये. एका लाँड्रीच्या मागे त्याची खोली. नवरा-बायको दोघंच काम करायचे. एका हॉटेलचं काम त्यांच्याकडे कायमचं होतं, खोल्यांमधल्या डागाळलेल्या शेड बदलून द्यायचं, आणि त्यावरच त्यांची चूल पेटत होती. बाकीचं गिऱ्हाईक केव्हाच तयार मालाकडे वळलेलं. "चार नवी घरं जोडून द्या मॅडम, म्हणजे आम्ही तगतो," असं तो हिला म्हणाला होता आणि हिने हो म्हटलं होतं.

पत्र जायचं होतं ते एका मुक्त पत्रकार बाईला. घरं, पडदे, कपबश्या, राहणीमान असल्या विषयांवर ती दोन-तीन पेपरांच्या शनिवारच्या पुरवण्यांत लिहायची. आम्ही घरात तिला पुरवणीवाली म्हणायचो.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ संपादकालाच का नाही लिहीत?" मी विचारलं.

"संपादक माझं पत्र उघडतो होय? पुरवणीवालीचं उघडतो." ही टाइप करतच बोलत होती. "आणि तिला पगार नाही. छापून आलं तर मिळणार, नाही आलं तर दिवस फुकट. म्हणजे मी सांगितलेली गोष्ट तिला पुढे संपादकाच्या गळ्यात मारायची असते. मी नुसता चांगला माल देऊन भागत नाही. तिला पुढे खपवता येईल असा द्यावा लागतो. कळलं?"

"कळलं. मग दोघी-चौघींना पाठव. कुणीतरी खपवेल."

हिने असा चेहरा केला, जसं काही मी तिला कुणाच्या घरात शिरून चोरी करायला सांगितलं. "एक गोष्ट, एक बाई. दोघींना दिली आणि दोघींनी ती विकायला काढली, तर त्या दोघींचं तोंड काळं होणार आणि मला जन्मात कुणी दारात उभं करणार नाही."

पुरवणीवालीचं जुनं लिखाण हिने सगळं वाचून काढलं होतं. बाईला जुन्या वस्तू आवडतात, 'नामवंत' शब्द आवडत नाही, फोटो खिडकीच्या उजेडातले लागतात, सोमवारी तिला कुणी छळलेलं चालत नाही, हे सगळं हिला माहीत. नमनाला घडाभर तेल नको म्हणून पत्र पाच ओळींचं केलं. मंगळवारी सकाळी, शाळा भरल्यावर, पाठवलं.

दुपारी उत्तर आलं. 'ताई, माणूस गोड आहे. फोटोही छान. पण संपादक विचारणार, आत्ताच का?'

हिने लॅपटॉप मिटला.

"आत्ताच का म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे ही गोष्ट याच शनिवारी का छापायची? मागच्या वर्षी का नाही, पुढच्या वर्षी का नाही? इथेच घोडं पेंड खातं. नवं दुकान असेल, पन्नास वर्षं झाली असतील, कुणी मोठा माणूस गिऱ्हाईक असेल, तर उत्तर असतं. हा बिचारा रोज तेच करतो. त्याच्याकडे आत्ता कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेडवाल्याकडे गेलो. खोलीत चालायला जागा नव्हती. छताला सांगाडे टांगलेले, भिंतीला कापडाचे तागे. तो खुर्चीवर बसून मांडीवरच्या शेडला टाके घालत होता आणि त्याची बायको समोर बसून सांगाडा फिरवत होती. दोघांचे हात एकमेकांना न विचारता चालत होते.

"काही नवीन आहे का?" हिने विचारलं. "नवं कापड? नवा आकार? दुकानाला किती वर्षं झाली?"

"वडिलांनी कधी सुरू केलं ते त्यांनाच आठवत नव्हतं," तो म्हणाला. "आणि नवीन काय असणार मॅडम? तार तीच, सुई तीच, ही पण तीच." बायकोकडे बोट दाखवून हसला.

"मी कसली तीच राहते," बायको म्हणाली. "डोळे गेले माझे. वर्षभर ओढलं तरी खूप झालं. मग करायचं बंद."

"हे ती लग्न झाल्यापासून म्हणते," शेडवाला म्हणाला आणि दोरा दाताने तोडला.

मी हसलो. ही हसली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट मी शिकलोय, हिला काही सुचलं की ती आधी पर्सचा बंद घट्ट धरते. तसा धरला होता.

"मी असं लिहू का," हिने जपून विचारलं, "की कदाचित हे तुमचं शेवटचं वर्ष असेल?"

शेडवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "लिहा की. खोटं थोडंच आहे? कधीतरी शेवटचं असणारच."

घरी आल्यावर हिने पत्रात तेवढीच एक ओळ घातली आणि मला वाचून दाखवली. अंगावर काटा आला हो माझ्या. मी म्हटलं, "आता कोण नाही म्हणतंय बघतो मी." उत्तर यायला चहा निवायचाही अवकाश लागला नाही. पुरवणीवाली येणार होती.

आली ती चांगली मुलगी निघाली. शिष्टपणा नाही, घड्याळाकडे बघणं नाही. दुपारभर त्या दोघांपाशी बसली, सुई हातात घेऊन पाहिली, बोटाला टोचून घेतली. निघताना शेडवाल्याच्या बायकोचा हात हातात धरून उभी राहिली. तिला बोल लावायला जागाच नाही, आणि त्यामुळे मला जास्त चीड येते. कुणावर काढावी?

शनिवारी लेख आला. पानभर. खिडकीच्या उजेडात शेडवाल्याचे हात, आणि वर मोठ्या अक्षरात मथळा: 'निरोपाचा उजेड'. लिहिलं होतं असं की मी लाँड्रीवाल्यालाही वाचून दाखवलं. कंपनीतून घरी आल्यापासून ही इतकी हसताना मी पाहिली नव्हती. शेडवाल्याचा फोन आला. "मॅडम, माझा फोटो माझ्या लग्नात एवढा चांगला आला नव्हता," म्हणाला. हिने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

आणि गिऱ्हाईक आलं. रांग लागली म्हणा ना. फक्त त्यातल्या कुणाला शेड नको होती. सगळे निरोप घ्यायला आले होते. कुणी फुलं आणली, कुणी त्याच्यासोबत फोटो काढले, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर त्याला मिठीच मारली. एक बाई शिवायला टाकलेली शेड अर्धवटच परत घेऊन गेल्या. "तुमची आवराआवर चाललेली असणार," म्हणाल्या, "माझं ओझं कशाला?" तो म्हणत राहिला, अहो, मी आहे, मी चालू आहे. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मग हॉटेलचा फोन. तो आम्ही ऐकला, कारण त्या दिवशी ही त्याच्या खोलीतच होती, मी सोबत.

"वाचलं हो," खरेदीवाले साहेब म्हणाले. शेडवाल्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, हात मोकळे नव्हते. "फार वाईट वाटलं. तुम्हाला जाता जाता त्रास नको म्हणून आम्ही दुसरीकडे सोय केली आहे."

"साहेब, मी बंद करत नाहीये."

"अहो, पेपरात आलंय."

"ते आलंय, पण तसं नाही. ते कधीतरीचं आहे."

"बरोबर, कधीतरी होणारच. आम्हालाही व्यवस्था आधी लावावी लागते ना. करार झालासुद्धा. तब्येतीला जपा."

फोन बंद झाला. शेडवाला सुई धरून बसला होता. त्याच्या बायकोने सांगाडा फिरवायचा थांबवला. ही उठली आणि बाहेर लाँड्रीच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो.

"हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. "मी त्याचा हात धरून दाखवला."

"त्यांनीच लिहा म्हटलं होतं," मी म्हणालो.

"त्यांना काय माहीत आमच्या धंद्यात एका ओळीचं काय होतं? मला माहीत होतं. ती ओळ चालणार, हे मला माहीतच होतं ना?"

तिथूनच तिने पुरवणीवालीला फोन लावला. वार कुठला, वेळ कुठली, काही पाहिलं नाही. सगळं सांगितलं. मग पोरगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मथळा मी देत नाही. मी 'कदाचित' लिहिलं होतं."

"माहीत आहे गं. मी वाचलंय. पण आता दुसरं काहीतरी लिही. चार ओळी लिही. दुकान बंद होत नाहीये, एवढंच."

"मी विचारते," ती म्हणाली. तिने खरंच विचारलं असणार, कारण संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडका होता. संपादक म्हणाले, लेखात चूक काही नाही, मग दुरुस्ती कसली? आणि नवा लेख म्हणाल तर, "ताई, तुम्हीच सांगा. 'दुकान चालू आहे' ही गोष्ट मी कुणाला विकू?"

हिने त्या पोरीचीच समजूत काढली, जेवून घे म्हणाली, आणि फोन ठेवला. मग दुसऱ्या पत्रकार बायकांना पत्रं लिहायला बसली. एकाच वेळी सगळ्यांना पाठवली, जन्मात केलं नाही ते केलं. ज्यांची उत्तरं आली त्यांनी एकच लिहिलं होतं, यांच्यावर आत्ताच तर येऊन गेलंय.

शेडवाल्याने नंतर फार ताणलं नाही. तागे परत गेले. सांगाडे एका भंगारवाल्याने उचलले. "छापून आलंय म्हटल्यावर," तो हिला म्हणाला, "आपण खोटं कसं पडायचं?" त्याला वाटलं ही हसेल. बायको त्याची आतल्या बाजूला भिंत पुसत होती, ती म्हणाली, "मॅडमना चहा तरी दे." रागावली असती, दार आपटलं असतं, तर आम्हाला बरं वाटलं असतं.

खोली सोडायच्या दिवशी आम्ही सामान बांधायला गेलो होतो. बांधण्यासारखं उरलंच नव्हतं. एवढ्यात दारात एक तरुण जोडपं आलं, हातात पुरवणीचं पान. फार लांबून आले होते. मुलगी म्हणाली, "काका, आम्हाला तुम्हाला काम करताना बघायचं होतं. उशीर झाला का?"

शेडवाल्याने रिकाम्या खोलीत इकडे तिकडे पाहिलं. "नाही नाही," म्हणाला. "या, बसा." बसायला काही नव्हतं म्हणून ती दोघं उभीच राहिली. त्याने बोचक्यातून एक वाकडा सांगाडा काढला, तो भंगारवाल्यानेही घेतला नव्हता. कापडाचा तुकडा काढला. बायको ओले हात पुसत आली आणि समोर बसली, पण तिला दिसेना, सांगाडा हातातून निसटायला लागला. तेव्हा ही पुढे झाली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून दुसरी बाजू धरली. कधी सुई हातात न धरलेली बाई. शेडवाल्याने कापड ताणलं, दोरा ओवला आणि टाके घालायला सुरुवात केली, नेहमीच्या शांतपणे, एकाशेजारी एक. तरुणाने फोटो काढले. मुलीने विचारलं ते सगळं त्याने समजावून सांगितलं. ती दोघं हात जोडून, हळहळून गेली.

त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर त्याने शेड उजेडाकडे धरून पाहिली. मग सुईच्या टोकाने शेवटचा टाका उचलला आणि एकेक करत सगळे उसवले. दोरा न तोडता रिळावर परत गुंडाळला. ही अजून सांगाडा धरून बसली होती. "सोडा आता, मॅडम," तो म्हणाला.