पुलावरचा फोटो

१९७८ साल होतं ते. तेव्हा नदीवरच्या मोठ्या पुलावर फोटो काढायला सक्त मनाई होती, आणि त्यावरून जाणाऱ्या बसमध्येही. ड्रायव्हरच्या मागे तशी पाटीच ठोकलेली असायची.

त्या बसच्या कंडक्टरच्या बायकोला एकच हौस होती, नवऱ्याचा हसरा फोटो. मूलबाळ नव्हतं. घरात हा माणूस म्हणजे मुका. आला की जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. बसमध्ये मात्र तो म्हणे सगळ्यांना हसवून बेजार करायचा. "तुझे मालक म्हणजे नुसती धमाल गं!" असं शेजारीण म्हणाली की हिला वाटे, ही कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलतेय?

शेवटी भावाचा कॅमेरा मागून आणून ती न सांगता बसमध्ये चढली आणि गर्दीआड, मागच्या सीटवर बसली.

"आजोबा, पाय आत घ्या. नाहीतर त्यांचं वेगळं तिकीट पडेल!"

अख्खी बस खदखदून हसली. दांड्याला टेकून तोही मान मागे टाकून हसला. गाडी नेमकी पुलावर होती. तिने बटण दाबलं.

"मास्तर, फोटो काढला हो!" आजोबा ओरडले. "परवा माझ्या जावयाच्या कॅमेऱ्यातला रोल काढलात ना? आता बघू!"

तो वळला. तिला पाहिलं आणि हसू जागच्या जागी विझलं.

"बाई, पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

लग्नापासून त्याने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"अहो, मी..."

"कॅमेरा द्या."

त्याने झाकण उघडून रोल भर उन्हात ओढून काढला.

संध्याकाळी ताटावर तो एवढंच म्हणाला, "सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर हसला असतात?"

तो खाली मान घालून जेवत राहिला.

भावाने पुन्हा कॅमेरा दिला नाही. आजोबांनी जावयाला तो किस्सा मरेपर्यंत रंगवून सांगितला. निवृत्तीनंतर कंडक्टर फार जगला नाही. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून तिने भिंतीवर लावलाय, ओठ घट्ट मिटलेले. पाटी केव्हाच निघाली. आता बसमध्येच कॅमेरा असतो, चढणाऱ्या प्रत्येकाला टिपणारा.

ती अजून कधीमधी उगाच पुलापलीकडे जाऊन येते. पुलावर गाडी आली की त्या दांड्याकडे बघते. त्याचं हसणं तिला लख्ख दिसतं. कुणाला दाखवता मात्र येत नाही.