तीस अंशांचं पाणी

मंगळवारी सकाळी साडेअकराला भाऊंच्या हातातून वस्तरा पडला.

खुर्चीत एक निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. एका गालावर फेस, मान मागे, डोळे मिटलेले. वस्तरा त्यांच्या छातीवरच्या कापडावर पडला, तिथून घसरला आणि फरशीवर वाजला. कुणाला काही लागलं नाही.

"काय पडलं हो?" पोस्टमास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं.

"कंगवा," भाऊ म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवरच्या कारागिराने सगळं पाहिलं होतं. त्याने आपल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं, दुसरा वस्तरा घेतला आणि पोस्टमास्तरांचा उरलेला गाल मुकाट्याने केला. भाऊ आरशाला पाठ लावून उभे राहिले. उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याला टेकते का, ते पाहत होते. टेकत नव्हती. सकाळी दुकान उघडताना टेकली होती.

सलून दोन खुर्च्यांचं. केस कापायला लोक कुठल्याही खुर्चीत बसतात, दाढीला मात्र भाऊंचीच वाट पाहतात. गळा कुणाच्याही हातात देत नाही माणूस. त्या हातावर दुकान चालत होतं, घर चालत होतं, आणि त्याच हातावर आता तीन गाठी होत्या. पहिली तर्जनीच्या मधल्या सांध्यावर, मटाराएवढी, जांभळट. दुसरी मनगटामागे. तिसरी कोपराच्या अलीकडे. दोरीला गाठी माराव्यात तशा, एका रेषेत वर चाललेल्या.

दुखत फारसं काही नव्हतं. भीती वाटायची ती त्या रेषेची.

सुरुवात कधी झाली हे कुणालाच नेमकं सांगता येत नाही. भाऊंच्या घरी बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी आहे. तिच्यात डिस्कस मासे आहेत, ताटलीसारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या नागमोडी रेघा असलेले. या माशांना ऊबदार पाणी लागतं आणि दिवसातून चार वेळा खाणं लागतं. ऊब, उरलेलं खाणं आणि वर दिवा. एवढं मिळालं की शेवाळ्याला आमंत्रण लागत नाही. आधी काचेवर हिरवा पापुद्रा धरतो. मग आतल्या लाकडाच्या ओंडक्यावर आणि पानांच्या कडांवर काळे, राठ झुपके उगवतात. भाऊ त्यांना दाढी म्हणायचे. "दुकानात माणसांची, घरी टाकीची. मला सुट्टी कधी?"

उपाय सगळे करून झाले होते. दिवा कमी वेळ लावला. खाणं कमी केलं. पाणी रोज थोडं थोडं बदललं. शेवाळं खाणारा एक मासा आणला, तर तो शेवाळं सोडून डिस्कसच्याच अंगाला तोंड लावून बसायला लागला. त्याची परत पाठवणी झाली. मासेवाल्याने शेवाळं मारायचं औषध पुढे केलं तेव्हा भाऊंनी त्याला हात जोडले. "शेवाळं मरेल रे. पण मासे काय बघत बसतील?"

मग उरला हात. वस्तऱ्यात अर्धं ब्लेड लागतं. उरलेलं अर्धं भाऊ कागदात गुंडाळून घरी आणायचे आणि संध्याकाळी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून टाकी खरवडायचे. काच सरळ असते, तिथे काही होत नसे. ओंडका खरखरीत. त्याच्या खाचांत ब्लेड फिरवताना बोटांच्या सांध्यांवरची साल निघायची. सलूनमध्ये आयुष्य काढलेला माणूस असले ओरखडे मोजत नाही.

गाठ आली तेव्हा तिला आधी किड्याचा चावा ठरवलं, मग घट्टा. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गाठ तशीच राहिली. पुढच्या खेपेला त्यांनी सांध्याची सूज म्हणून बोटात इंजेक्शन दिलं. काही दिवस बोट अगदी नव्यासारखं झालं. भाऊंनी कारागिराला मूठ उघडून, मिटून दाखवली. मग एका सकाळी गाठीचं तोंड उघडलं, पातळ पाणी आलं, आणि मनगटामागे दुसरी दिसली.

याच काळात त्यांना एक गोष्ट सापडली होती. उठल्यावर ताठ झालेलं बोट टाकीतल्या पाण्यात सैल व्हायचं. म्हणून सकाळीही हात टाकीत जाऊ लागला आणि जास्त वेळ राहू लागला.

"ही अंघोळ माशांची चाललीय की तुमची?" बायको विचारायची.

"बरं वाटतं गं त्यात."

हाताच्या डॉक्टरीण बाईंकडे ते गेले ते तिसरी गाठ दिसल्यावर. बाईंनी गाठीचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. दोन उत्तरं आली. कर्करोग नाही, हे पहिलं. त्या संध्याकाळी घरात सगळे मोठ्याने बोलत होते. दुसरं उत्तर आठवडाभराने आलं. नमुन्यात कुठलाही जंतू वाढला नव्हता.

"चांगलंच आहे की मग," भाऊ म्हणाले.

"मला नाही चांगलं वाटत," बाई म्हणाल्या. "काहीच नसेल तर ही गाठींची रेघ वर का चढतेय?"

त्यांनी बरंच विचारलं. काटा टोचला होता का? बागकाम? कच्च्या मांसाचं काम? घरात कुत्रं, मांजर, पक्षी? भाऊंनी प्रत्येक प्रश्नाला प्रामाणिकपणे नाही म्हटलं. धंदा सलूनचा, ब्लेड लागतं अधूनमधून, एवढं सांगितलं. टाकी त्यांच्या मनातही आली नाही. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा कुठली, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी टाकीकडेच बोट दाखवलं असतं.

दुकानात गिऱ्हाइकं बोलत नव्हती, पण खुर्ची बदलत होती. "घाई आहे भाऊ, मी इकडेच बसतो." "मुलाचं आवरायचंय, हा मोकळा आहे ना?" एकाने सरळ विचारलं, "लागण होण्यातलं नाही ना हे?" भाऊ पट्टी बांधून हात मागे धरायला लागले. कारागिराने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "काय भाऊ, झाकली मूठ सव्वा लाखाची?" भाऊ हसले नाहीत. झाकायला मूठ मिटतच नव्हती, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी वस्तरा पडला, पोस्टमास्तर गेले, आणि कारागिराने भाऊंना न विचारता त्यांच्या घरी फोन लावला. "वहिनी, तुम्ही स्वतः या. यांना एकट्याला पाठवलं तर डॉक्टरांकडे जाऊन हवापाण्यावर बोलून येतील."

दुपारी दोघं बाईंसमोर बसले. बाईंनी बोट वाकवायला सांगितलं. भाऊंनी वाकवलं. बाई वाट पाहत राहिल्या.

"वाकवा ना."

"वाकवलंय."

बाईंनी मग त्यांचा हात उलटा धरला आणि तळव्यापासून बोटाच्या टोकापर्यंत दाबत गेल्या. एका जागी भाऊंनी दात आवळले.

"कामावर किती वेळ ओला असतो हात?"

"फेसापुरता. त्याचं काय एवढं?"

"दुकानात कसला," बायको म्हणाली. "ओला असतो तो घरी. सकाळ-संध्याकाळ हात माशांच्या टाकीत. शेवाळं काढत बसतात. त्या ओंडक्याने सोलून घेतात स्वतःला."

"अगं, त्याचा काय संबंध? ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा चोख आहे. रोज बदलतो मी. पिऊन दाखवू का?"

बाईंनी हात सोडला नाही. "मासे आहेत तुमच्याकडे?"

"डिस्कस आहेत."

"तुम्ही मला म्हणालात, घरात काही पाळलेलं नाही."

"तुम्ही कुत्रं-मांजर विचारलंत," भाऊ म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांचा आवाज खाली गेला.

"टाकीतलं पाणी गरम असतं?"

"तीस अंश. हीटर आहे. त्याच्या खाली गेलं की ते काळवंडतात, खात नाहीत."

बाईंनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. बायकोने नंतर कारागिराला सांगितलं की तिला खरी भीती तेव्हा वाटली. तोवर बाई तिच्याशी मान वर करून बोलत होत्या. आता त्या फोन उचलून प्रयोगशाळेशी बोलत होत्या आणि दोघांकडे पाठ होती.

फोन ठेवून त्यांनी सांगितलं ते असं. माशांच्या पाण्यात राहणारा एक जंतू आहे. पाणी दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी तो काचेवरच्या आणि लाकडावरच्या बुळबुळीत थरात असू शकतो. कातडी सोललेली असेल तर तिथून शिरतो. हळू वाढतो. अंगातली आतली ऊब त्याला सोसत नाही, हातापायांची जरा थंड कातडी मानवते. प्रयोगशाळेने पहिला नमुना शरीराच्या तापमानाला ठेवला होता, कारण बहुतेक जंतू तिथेच वाढतात. हा वाढला नसता. याला तीस लागतात.

"म्हणजे टाकीएवढं," भाऊ म्हणाले.

"हो. आणि बोटात इंजेक्शन दिलं होतं म्हणालात, त्याने सूज उतरली असेल, पण तिथली प्रतिकारशक्ती दबून याला रान मोकळं मिळालं असणार. हा माझा अंदाज आहे. नवा नमुना घेऊ, तो तीसवर ठेवायला सांगितलंय. उगवायला कित्येक आठवडे लागतात. तेवढं आपण थांबायचं नाही. गोळ्या आजपासूनच."

"गोळ्यांनी जाईल ना?"

"फक्त कातडीत असेल तर जाईल, काही महिन्यांनी. पण तुमचं बोट वाकत नाहीये." बाईंनी मघाची जागा पुन्हा दाखवली, दाबली नाही. "इथून बोट ओढणारी दोरी जाते. तो तिच्या म्यानात शिरला असेल तर उघडून साफ करावं लागेल. बोट राहील. वळेल की नाही, ते आज नाही सांगता येणार. नवी गाठ दिसली तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. तेव्हाच्या तेव्हा फोन."

"आणि दुसऱ्याला?" बायकोने विचारलं. "माणसापासून माणसाला?"

"नाही. पाणी आणि फाटलेली कातडी, दोन्ही लागतं."

हे ऐकूनही घरी आल्यावर तिने आधी टाकीचं पाणी बदलायची बादली दाराबाहेर नेऊन ठेवली. मग खिडकीशी उभं राहून स्वतःची दहाही बोटं उलटसुलट पाहिली. विळीने कापलेली एक जुनी खूण तिने इतक्या वेळा चोळली की ती लाल झाली.

बुधवारी टाकीची काच पुन्हा हिरवी दिसू लागली. खरवडायला हात नव्हता. भाऊंनी मासेवाल्याला फोन केला.

"खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे येतात, मागवतो," मासेवाला म्हणाला. "तोवर अंधार करा. दिवा बंद, चारी बाजूंनी झाकून टाका. उजेड नाही तर शेवाळं उपाशी. हवेचा पंप मात्र चालू ठेवा. आणि भाऊ, डोकावायचं नाही हं मधे मधे."

झाकायला दुकानातली काळी कापडं आणली. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतात ती. ती कारागिराने अडकवली, बायकोने कडा खोचल्या. भाऊ डाव्या हातात चहाचा कप घेऊन समोर बसले. आतून पंपाचा बुडबुड आवाज येत होता. बाकी काहीच कळत नव्हतं.

"जिवंत असतील ना गं?"

"माशांचं जाऊ द्या. गोळी घेतली?"

"घेतली."

"दाखवा हात."

तिने दिवसातून दोनदा हात पाहायचं ठरवलं होतं. तर्जनीपासून सुरू करायचं आणि अंगठ्याने दाबत वर जायचं. बुधवारी गाठी तीनच होत्या. गुरुवारी तीन. बोटाची सूज उतरलीय असं भाऊंना वाटलं. तिला तसं वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी चारला तिचा अंगठा कोपराच्या वर, आतल्या बाजूला थांबला.

"हे काय आहे?"

"कुठे?"

"हे. तांदळाच्या दाण्याएवढं. टणक."

"ते आधीपासून आहे."

"नव्हतं."

"अगं, शिर असेल. काल पण होतं."

"काल मी याच बोटाने बघितलंय. काल नव्हतं."

भाऊंनी डाव्या हाताने चाचपून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिने फोन लावला.

बाई शस्त्रक्रियेत होत्या. फोनवरच्या मुलीने थांबायला सांगितलं, कुणाशी तरी बोलून परत आली आणि म्हणाली, "लगेच या म्हणाल्यात. आणि त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका, कदाचित आजच हात उघडावा लागेल."

"चहा झालाय मघाशी," बायको म्हणाली.

"किती वाजता? लक्षात ठेवा. इथे विचारतील."

निघताना भाऊंनी कारागिराला फोन करून शनिवारची गिऱ्हाइकं सांभाळायला सांगितलं. पोस्टमास्तरांचा निरोप होता, ते उद्या सकाळी येणार होते. "त्यांना सांग, मी..." एवढं बोलून भाऊ थांबले आणि म्हणाले, "तूच करून टाक."

सहाच्या सुमारास दोघं दवाखान्यात पोचले. नर्सने कोपराच्या वरच्या त्या जागेभोवती निळ्या पेनने गोल काढला आणि कडेला वेळ लिहिली. पाऊण तासाने येऊन तिने तो गोल पाहिला. बदल आहे की नाही, हे तिने सांगितलं नाही. चहा किती वाजता घेतला, एवढं विचारून ती आत गेली. बाई अजून शस्त्रक्रियेतून बाहेर आलेल्या नाहीत.