वळणावर लागणारा दिवा

“अहो शरच्चंद्रराव, क्लच आहे तो, शेजाऱ्याच्या दाराची बेल नाही. दाबून पळून जायचं नसतं.”

गाडीने दोन आचके दिले आणि धायरी फाट्याच्या अलीकडे बंद पडली. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. शरच्चंद्र बासष्ट वर्षांचे होते, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते कानापर्यंत लाल झाले. युसूफसरांनी खिडकीतून हात काढून मागच्यांना पुढे जायची खूण केली. बावीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसत होते. हॉर्नचं त्यांना आता काही वाटत नसे.

“सर, मघापासून विचारीन म्हणतोय,” शरच्चंद्र कपाळ पुसत म्हणाले, “हा लाल दिवा कसला? गोलात उद्गारचिन्ह आहे. चालू गाडीतही जात नाही.”

“तो होय? तो आपला जुना भाडेकरू. भाडं देत नाही, घर सोडत नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं.”

शरच्चंद्र हसले. सगळेच हसत. चार वर्षांपूर्वी हँडब्रेकचा स्विच अडकला, तेव्हापासून हँडब्रेक खाली असला तरी तो दिवा जळतच असे. स्कूलचे मालक मच्छिंद्रशेठ म्हणाले होते, ‘ब्रेक लागतोय ना? मग दिव्याचं बघू कधीतरी.’ युसूफसर दर सोमवारी स्वतः बॉनेट उघडून ब्रेक ऑइल बघत. ते नेहमी वरच्या खुणेला टेकलेलं असे, म्हणून त्यांनाही घोर नव्हता. पण नवीन माणूस दिवा पाहून घाबरायचा, आणि घाबरलेला माणूस स्टिअरिंग गळा आवळल्यासारखं धरतो. एका विनोदाने मुठी सैल पडत. म्हणून विनोद टिकला.

“सर! ओळखलंत का?”

बसथांब्यावरून एक बाई खिडकीशी आल्या होत्या. युसूफसरांना नाव आठवायला क्षणभर लागला. सुहासिनी. दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या. वाघोलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, जाता-येता दोन-दोन बस. त्या त्रासाला कंटाळून शेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या. शिकवलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायच्या.

“मॅडम, तुम्ही बसथांब्यावर? गाडी कुठंय?”

“विकली,” त्या हसून म्हणाल्या. हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

“बसा मागे. वडगावपर्यंत सोडतो. शरच्चंद्ररावांच्या जबाबदारीवर.”

त्या आधी नको म्हणाल्या. मग बसल्या, आणि बसताक्षणी दाराच्या वरचं कडं दोन्ही हातांनी धरलं. गाडी पुढे निघाली. पुढच्या दोन सीटांमधून वाकून त्यांनी डॅशबोर्डकडे पाहिलं.

“अगंबाई, भाडेकरू अजून आहे का! माझ्या गाडीतही आला होता, सर. मी नवऱ्याला, माधवला म्हटलं, आता आपलं शिक्षण पूर्ण झालं. सरांच्या गाडीत होता तोच आपल्याकडे राहायला आला.”

युसूफसरांनी मान वळवली नाही. “कायम लागायचा?”

“आधी नाही. आधी नुसता वळणावर लागायचा. सरळ रस्त्याला आलं की विझायचा. हँडब्रेक तपासला, तो खालीच होता. मग म्हटलं असेल. आठ-दहा दिवसांनी मात्र मुक्कामच ठोकला.”

“वळणावरच का लागत असेल?” शरच्चंद्रांमधला मास्तर जागा झाला. “म्हणजे आत काहीतरी हेलकावत असणार. द्रव पदार्थ.”

“दुसरा गिअर टाका,” युसूफसर म्हणाले.

“टाकलाय, सर.”

“मग तिसरा टाका.”

सुहासिनी मागून बोलतच होत्या. मे महिन्यात त्या कात्रजहून परत येत होत्या, शेजारी सासूबाई. नवले पुलाच्या उतारावर पुढे एक टेम्पो सिग्नलला उभा होता. “ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला मी. मला तसं आठवत नाही, पण सगळे म्हणाले तसंच झालं असणार. पाय खाली गेला एवढंच आठवतं. पार तळापर्यंत. आणि गाडी काही थांबली नाही. सासूबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. टेम्पोतल्या कुणाला लागलं नाही म्हणून बरं. तुम्ही शिकवायला कमी केलं नव्हतं, सर. माझाच पाय चुकला.”

वडगावला त्या उतरल्या, आभार मानून गर्दीत गेल्या. युसूफसरांच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक होता. त्यावर त्यांचा पाय इतका घट्ट रोवला गेला होता की शरच्चंद्र अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते आणि गाडी जागची हलत नव्हती.

“सर, मी काही चुकतोय का?”

“नाही,” युसूफसर म्हणाले. “तुम्ही नाही.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच बाजारातून स्विच आणून बसवला. अर्ध्या तासाचं काम. चार वर्षांनी दिवा विझला. त्यांना वाटलं होतं, बरं वाटेल. पण मीटरवरची ती काळी जागा दिव्यापेक्षा जास्त नजरेत येऊ लागली. दोन दिवस त्यांनी स्वतःची समजूत घातली. बाई सावरल्यात, गाडी विकलीये, हाड जुळलंय. आता उकरून काय उपयोग? पण समजूत एका वाक्यापाशी येऊन अडायची. माझाच पाय चुकला. ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी ते पत्ता शोधत धायरी गावात गेले.

तळमजल्यावरच्या घराचं दार उघडंच होतं. सुहासिनी सासूबाईंच्या मागे बसून त्यांची वेणी घालत होत्या. मुक्ताबाईंचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“या सर,” सुहासिनी दचकून म्हणाल्या. “आई, हे माझे गाडीचे सर.”

“असं व्हय. बसा मास्तर,” मुक्ताबाई म्हणाल्या. “मला उठायला लावू नका. हात खांद्याच्या वर जात न्हाई, म्हनून रोज सकाळी ही माझी शाळा भरती. सहाला बस धरायची असती हिला, तरी इंचरल्याबिगर जात न्हाई.”

युसूफसर खुर्चीच्या काठावर टेकले. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवेना.

“मॅडम, टेम्पोवर जाताना इंजिनचा आवाज वाढला होता का?”

“आवाज?”

“अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तर इंजिन किंचाळतं. कान बधिर होतात. तसं झालं का?”

सुहासिनींचा कंगवा थांबला. “नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “शांत होतं. आई काहीतरी म्हणाल्या ते मला स्पष्ट ऐकू आलं.”

“थांबीव म्हनले मी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “हळूच म्हनले. वरडायला पन येळ न्हवता.”

“म्हणजे तुमचा पाय ब्रेकवरच होता, मॅडम. बरोबर ठेवला होता.”

त्यांनी सांगितलं. ताटात आमटी घेऊन माणूस वळला की आमटी एका काठाला जाते, तसं ब्रेकचं ऑइल वळणावर एका बाजूला सरकतं. डबी भरलेली असली तर काही होत नाही. पातळी खालच्या खुणेशी आलेली असली तर तेवढ्यापुरता दिवा लागतो आणि सरळ रस्त्यावर विझतो. वळणावर लागणारा दिवा म्हणजे ऑइल नुकतंच कमी झालेलं. कायमचा लागला म्हणजे आणखी कमी. कुठूनतरी गळत होतं. त्या दिवशी उतारावर त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा नळीत ऑइलऐवजी हवा होती. म्हणून पाय तळाला गेला.

“पण गॅरेजवाले म्हणाले, पुढचे पाइप धडकेत फुटले.”

“धडकेत फुटले असतील. दिवा त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होता.”

सुहासिनींनी कंगवा खाली ठेवला. “मी ग्रंथालयात टेबलाखाली रोज पाय हलवून बघते, सर,” त्या म्हणाल्या. “ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक. कुठे चुकला ते शोधत. सात महिने. कुणी पुस्तक मागायला आलं तरी पाय चालूच असतो.” त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. “पाय बरोबर होता.”

इथे उठून निघता आलं असतं. चांगली बातमी देऊन झाली होती. युसूफसरांनी खुर्चीचा हात धरला.

“तो दिवा खरं बोलत होता,” ते म्हणाले. “तुम्ही त्याचं ऐकलं नाही, कारण मी तसं शिकवलं होतं. आमच्या गाडीतला बिघाड होता, त्यावर मी विनोद केला. तुमच्या गाडीत लागला तर जागच्या जागी थांबा, एवढं एक वाक्य पुढे जोडायला हवं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. दर सोमवारी बॉनेट उघडून बघणारा माणूस मी. मला माहीत होतं.”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

“मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं,” सुहासिनी म्हणाल्या. “पहिल्या दिवशी आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी.”

“हो.”

“दोन्ही वेळा तुम्ही हसवलंत.”

“हो.”

“मंग आता माझा हात वर जाईल का वो मास्तर?” मुक्ताबाईंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं त्यांनी, आणि म्हणूनच युसूफसरांची मान खाली गेली. “न्हाई ना? मंग बसा. च्या घेऊन जावा.”

“चहा नको, आई,” सुहासिनी म्हणाल्या. मग युसूफसरांकडे वळल्या. “किती जणांना सांगितलंत?”

“कुणालाच नाही. आधी तुमच्याकडेच आलो.”

“हे नाही. भाडेकरूचं. किती जणांना सांगितलंत?”

हा हिशेब युसूफसरांनी केलाच नव्हता. महिन्याला दहा-बारा जण. चार वर्षं. पाचशेच्या वर माणसं. धायरीत, कात्रजला, वाघोलीला, कुठल्या कुठल्या उतारांवर. तीन रात्री ते एका बाईचा विचार करत जागले होते.

“नावं असतील ना लिहिलेली? फोन नंबर?”

“रजिस्टर आहे.”

“मग इथे काय बसलाय, सर?”

त्यांनी कंगवा उचलला आणि अर्धी राहिलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.

मच्छिंद्रशेठनी कपाट उघडून दिलं, पण चार रजिस्टरांवरचा हात काही सोडला नाही. “युसूफभाई, लोकांना ते आठवतही नसेल. तुम्ही आठवण करून द्यायला निघालात. उद्या कुणाची गाडी कुठे ठोकली की आपल्याच दारात येतील. बोर्ड उतरवावा लागेल.”

“खरंय, शेठ.”

“मग?”

“ब्रेक नसलेल्या गाडीतून बोर्डापर्यंत धड पोचणार तरी कोण?”

मच्छिंद्रशेठनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात काढला. “स्कूलचं नाव घ्यायचं नाही,” एवढंच म्हणाले.

युसूफसर रजिस्टर घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या गाडीत जाऊन बसले. पहिला नंबर लावला. “नमस्कार, गाडी शिकवणारे युसूफसर बोलतोय. आरटीओचा नवा नियम आलाय. गोलात उद्गारचिन्हाचा लाल दिवा लागला तर गाडी थांबवायची, ब्रेक ऑइल तपासून घ्यायचं.” पलीकडचा माणूस बरं म्हणाला. दुसरा नंबर बंद होता. तिसऱ्या बाई ‘आम्हाला विमा नकोय’ म्हणून फोन ठेवून मोकळ्या झाल्या. चौथ्याने तब्येत विचारली. नियमाची थाप जिभेवर छान बसली होती, प्रत्येक फोनला अधिक सफाईने येत होती. नऊ नावांपुढे त्यांनी टिंबं केली.

दहावा आयटीतला तरुण होता. “सर! काय म्हणताय? पण अ‍ॅक्च्युअली तुम्हीच म्हणाला होता ना, त्या दिव्याकडे बघायचं नाही? तो लागतोय माझ्या गाडीत. मधूनमधून. मी इग्नोर करतो. आता नियम बदलला का?”

“गाडी आत्ता कुठंय?”

“पार्किंगला. का?”

“ती हलवू नका. मेकॅनिकला तिथे बोलवा.” युसूफसरांनी पेन खाली ठेवलं. “नियम बदललेला नाही. नियम आधीपासून हाच आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं.”

“चुकीचं?” तरुणाने विचारलं.

“एका बाईंचा अपघात झाला त्यामुळे,” ते पुढे म्हणाले. “तुम्ही मेकॅनिकला बोलवा. संध्याकाळी मी परत फोन करून विचारतो.”

फोन ठेवल्यावर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मैदानात शरच्चंद्र वेळेवर येऊन उभे होते. गाडीच्या काचेतून त्यांनी सरांचा चेहरा पाहिला आणि न बोलावता जवळ यायचं टाळलं. युसूफसरांनी पेन उचललं. नऊ टिंबं एकेक करून खोडली, पान मागे उलटलं आणि पहिला नंबर पुन्हा लावला.