सखारामच्या गाडीला ऊब येईना

आमचा सखाराम मुंबईला सोसायटीच्या गेटावर वॉचमन होता. पैसा साठवला, जुना ट्रक घेतला नि गावाला आला. खाणीवरनं चिरे भरायचे, जयगडच्या बाजूला जिथं कुणाचं घर उठतंय तिथं नेऊन टाकायचे. सुखात होता माणूस. संध्याकाळी पडवीत बसून चंपावहिनीशी भांडायचा, सगळ्या वाडीला ऐकू जायचं.

पण गेल्या पावसाळ्यापासनं त्याची गाडी बिघडली. बंद पडली नाय, तापायचीच नाय. लोक गाडी तापते म्हणून बोंबलतात, ह्याचं उलटं. मीटरचा काटा खाली झोपलेला. पांढरा धूर असा की मागचा रिक्षावाला शिव्या देत थांबायचा. डिझेल प्यायची पाण्यासारखं, आणि चढ आला की म्हातारीसारखी खोकत बसायची. पौषातल्या थंडीत तर विचारूच नका.

महिपत मिस्त्रीनं नोझल बदलले, मीटरची वायर बदलली, शेवटी हात टेकले. "सखारामदादा, इंजिन उतरवून बघावं लागंल." आता इंजिनाचं काम म्हणजे अख्ख्या गाडीची किंमत. सखारामनं ठरवलं, चिपळूणच्या भंगारवाल्याला द्यायची गाडी नि परत मुंबईच्या गेटावर जायचं. बॅगसुद्धा भरली.

चंपावहिनी माझ्याकडं आली. मी जन्मभर ट्रकच हाणले, आता गुडघे गेले म्हणून घरी.

"रघूभावजी, एकदा बघा ना वो. हे परत गेले तर मी भांडू कोणाशी?"

"भिंतीशी भांड."

"भिंत उलट बोलत नाय ना."

मी म्हटलं, येतो सकाळी. पण मी येईस्तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाय. थंड इंजिनच खरं बोलतं, तापलेलं इंजिन सगळं झाकून ठेवतं.

सकाळी गेलो तर महिपत आधीच आलेला. चांगला पोरगा, त्यालाही चुटपुट लागलेली. आणि गाडीच्या तोंडावर, जाळीला, सुंभानं बांधलेलं गोणपाट.

"हे काय रे सख्या?"

"थंडी वाजते तिला. जरा ऊब."

"बाळंतीण हाय काय ती, मेल्या?"

गोणपाट काढलं, गाडी चालू केली आणि रेडिएटरकडं जाणाऱ्या वरच्या पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. सखाराम म्हणतो, "आशीर्वाद देतोस काय?" म्हटलं, गप बस.

आता बघा, इंजिनातल्या पाण्याला एक दार असतं. आम्ही त्याला वॉल म्हणतो, मिस्त्री लोक थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन थंड असेस्तोवर दार बंद. पाणी आतल्या आत फिरतं, तापतं. चांगलं तापलं की दार उघडतं नि पाणी रेडिएटरला गार व्हायला जातं. म्हणजे सुरुवातीला वरचा पाइप थंडच राहायला पाहिजे. हा तर इंजिनाबरोबरच कोमट व्हायला लागला. दार सताड उघडं!

"महिपत, वॉल बघितलास?"

"नाय काका. काट्याच्याच मागं लागलो. अडकला असंल उघडा, नवीन टाकू."

गाडी बंद केली, पाणी काढलं. महिपतनं बोल्ट सोडले, झाकण उचललं, आत बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"काका, इथं तं काहीच नाय."

मी सखारामकडं बघितलं. तो माडाच्या शेंड्याकडं बघत होता.

"सख्या, नारळ नंतर बघ. वॉल कुठाय?"

"तो ना," सखाराम म्हणाला, "तो देवात हाय."

"काय?"

चंपावहिनी काय समजायचं ते समजली. आत गेली नि देव्हाऱ्यातनं गोल पितळी वस्तू घेऊन आली. वर हळदकुंकू, एक सुकलेलं झेंडूचं फूल चिकटलेलं.

"हा? ह्याला मी रोज उदबत्ती ओवाळते! हे म्हणाले, गाडीचा देव हाय."

मग सखाराम बोलायला लागला. गेल्या वैशाखात एकदा लांबच्या भाड्याला, कोल्हापूरला चिरे नेताना आंबा घाटात गाडी उकळली. घाटातल्या कुणा मिस्त्रीनं हा वॉल काढून हातात दिला, म्हणाला, ह्याचीच सगळी पीडा, फेकून द्या. सखाराम कसला फेकतोय! गाडी त्या उन्हात झकास घाट चढली. त्याला वाटलं, ह्यानंच तारलं. दसऱ्याला पान्यांबरोबर मांडून पुजलासुद्धा. त्याच्या आधी पावसातच गाडी गारठायला लागली होती, पण ते ह्या वॉलमुळं असंल असं त्याच्या डोक्यातच आलं नाय.

"देवाला कसा संशय घ्यायचा?" म्हणतो.

मी म्हटलं, "घरात उकडलं म्हणून दारच काढून देवाला वाहिलंस तू. आता थंडीत कुडकुडतोयस."

वॉल चालतो का ते बघायला हवं होतं. चुलीवर भाताचं आधण होतं.

"माझ्या टोपात नाय टाकायचा!" वहिनी ओरडली. पण टाकला. कुंकू सुटून आधण लाल झालं. आम्ही सगळे चुलीवर वाकलो. पाणी उकळीला आलं तसा वॉल हळूच उघडला. बाहेर काढून गार केला तर परत मिटला.

"जिवंत हाय!" सखाराम टाळ्या पिटायला लागला.

मग घाटात उकळली कशानं? मी रेडिएटरच्या जाळीत काडी घातली. खाणीची माती, जाम थापलेली. नळाचा पाइप लावून रेडिएटर धुतला तर अंगणात लाल ओहोळ वाहिला. खरी पीडा ती होती, बिचाऱ्या वॉलला उगाच वनवास. महिपतनं नवं पॅकिंग कापलं, वॉल जागेवर बसवला, कूलंट भरलं.

गाडी चालू केली. मी पाइपावर हात ठेवला. थंड. थंडच. काटा मात्र हलला, चढला, मध्यावर येऊन बसला. मग पाइप एकदम चटका देण्याइतका गरम. धूर विरत गेला.

सखाराम खाणीवर गेला, चिरे भरून आमच्या वाडीच्या चढानं वर आला. खोकली नाय. आला तो हॉर्न वाजवतच आला, कुत्री पळाली.

वहिनी पडवीत बॅग उघडून बसलेली. त्याची शर्टं एकेक काढून दोरीवर टाकत होती. धुतलेलीच होती, तरी टाकत होती.

"अगो, भंगारवाला यायचाय उद्या," सखाराम म्हणाला.

"येऊ दे. हा टोप देते त्याला. भात नाय शिजवायची मी ह्यात."

"घासलास तर काय होतंय?"

"तुम्ही घासा!"

मी नि महिपत चपला घालून निघालो. भांडण रंगात आलेलं, अख्ख्या वाडीला ऐकू जात होतं.